कोंभाळण्याचा केसरी आणि महाकाय देहांचं गणित

अहिल्यानगर हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या पश्चिम टोकाला, कळसूबाई आणि रतनगडाच्या मुलखात अकोले तालुका आहे, आणि त्या तालुक्यात कोंभाळणे नावाचं एक गाव. जानेवारी २०२० मध्ये या गावाचं नाव राज्यभर दोनदा गाजलं. ७ जानेवारीला पुण्याच्या बालेवाडीत कोंभाळण्याचा हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली आणि तीत देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचं नाव होतं. त्याही कोंभाळण्याच्याच. डोंगरातल्या एका गावातून एकाच महिन्यात एक पद्मश्री आणि एक केसरी निघावा, याचं मला आजही नवल वाटतं.

राहीबाईंबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. इथं मला पैलवानाबद्दल लिहायचं आहे. हर्षवर्धनबद्दल, आणि त्याच्या निमित्तानं त्या अवाढव्य देहांबद्दल, जे हौद्यात उतरले की हलगीवाल्याचा हात आपोआप जोरात पडू लागतो. हा देह येतो कुठून? तो उभा कसा राहतो? आणि शंभर-सव्वाशे किलोचा माणूस तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या माणसाला उचलून पाठीवर टाकतो, तेव्हा नेमकं घडतं काय?

हर्षवर्धनची वाट अकोल्यातून नाशिककडे गेली. भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत तो घडला, नाशिक जिल्ह्याच्या नावावर लढला आणि पुढे पुण्यात कात्रजला वस्ताद काका पवारांच्या तालमीत दाखल झाला. महाराष्ट्र केसरीचा गट खुला असतो. किमान ८६ किलो, जास्तीत जास्त १२५. या अंतराचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. एका बाजूला नव्वदीच्या आतला मल्ल आणि समोर त्याच्यापेक्षा तीस-पस्तीस किलोंनी जड मल्ल, अशी जोड इथं नियमात बसते. स्पर्धा दोन विभागांत चालते, माती आणि गादी. दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांसमोर येतात आणि जिंकणाऱ्याच्या खांद्यावर मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ दिली जाणारी चांदीची गदा येते.

त्या वर्षी गादीवर हर्षवर्धनच्या वाटेत अभिजित कटके उभा होता, २०१७ चा महाराष्ट्र केसरी. त्याला हरवून हर्षवर्धन अंतिम लढतीत पोचला. मातीतून लातूरचा शैलेश शेळके आला. आणि इथं एक विलक्षण गोष्ट झाली. दोघंही काका पवारांचेच पठ्ठे! एकाच छपराखाली घाम गाळणारे, एकमेकांचा हात कुठून येणार आणि पाय कधी हलणार हे आधीच ओळखणारे. अशा दोघांत मोठा डाव बसणं फार अवघड. कुस्ती ३-२ अशी सुटली, हर्षवर्धनच्या बाजूनं. पंचांनी त्याचा हात वर केला आणि त्यानं काय करावं? हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं आणि मैदानात मिरवलं. सहा मिनिटांची झुंज झाल्यावर हात-पाय भरून आलेले असतात, दम उरलेला नसतो. त्या अवस्थेत खुल्या गटातला एक अख्खा पैलवान खांद्यावर घेणं ही ताकदीची बाब आहेच, पण मला त्यातलं मन जास्त मोठं वाटतं. नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला आलेली ही पहिली महाराष्ट्र केसरीची गदा होती, आणि ती आणणारा गडी अहिल्यानगर जिल्ह्याचा होता.

पुढं जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला तो पुन्हा गादी विभागाच्या अंतिम कुस्तीपर्यंत गेला आणि शिवराज राक्षेकडून हरला. शिवराज त्या वर्षीचा केसरी ठरला. हर्षवर्धन आणि शिवराज दोघंही काका पवारांच्याच तालमीतले. केसरीला हरवायला बहुधा त्याच्याच तालमीतला कोणी लागतो.

आता देहाकडे वळू.

जगात महाकाय कुस्तीगीर दोन तऱ्हांनी घडतात. पहिली तऱ्हा आपण दूरदर्शनवर पाहिली. फ्रान्समध्ये १९४६ साली जन्मलेला आंद्रे द जायंट; त्याची उंची सव्वासात फुटांच्या वर सांगितली जाई आणि वजन दोनशे किलोंच्या पुढं होतं. आपल्याकडे हिमाचल प्रदेशातल्या धिराणा गावचा दलीपसिंग राणा, म्हणजे द ग्रेट खली, जो २००७ मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीचा जागतिक विजेता झाला. या दोघांच्या आकाराचं मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या, मटाराच्या दाण्याएवढ्या पीयूष ग्रंथीत होतं. ही ग्रंथी वाढीचं संप्रेरक सोडते. तिच्यावर गाठ आली की संप्रेरकाचा पूर येतो. लहानपणी हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि वयात आल्यावर ती हाडात मिसळून जाते. ती मिसळण्याआधी हा पूर आला, तर माणूस उंच होतच राहतो. नंतर आला, तर उंची थांबते, पण जबडा, कपाळ, हात आणि पावलं रुंदावत जातात, आणि हृदयही वाढतं. खलीच्या ग्रंथीवरची गाठ २०१२ मध्ये शस्त्रक्रियेनं काढली गेली. आंद्रेनं उपचार टाळले. वडिलांच्या अंत्यविधीसाठी तो फ्रान्सला गेला होता. तिथंच, जानेवारी १९९३ मध्ये, पॅरिसच्या एका हॉटेलात झोपेत त्याचं हृदय थांबलं. वय ४६. लाखो लोकांना ज्या देहानं थक्क केलं, त्यानंच त्याचा घास घेतला, हे वाचलं की आजही पोटात कालवतं.

दुसरी तऱ्हा तालमीची. इथं ग्रंथीची गाठ नाही. इथं आहेत जोर, बैठका, सपाट्या, आणि पहाटे चार वाजता उठवणारे वस्ताद. बैठक मारली की मांडीच्या स्नायूंच्या तंतूंना अगदी बारीक इजा होते. शरीर ती इजा विश्रांतीत, मुख्यतः झोपेत भरून काढतं आणि भरताना तंतू आधीपेक्षा जाड करून ठेवतं. म्हणून जुने वस्ताद मेहनतीइतकेच झोपेबद्दल कडक असतात. सकाळची मेहनत, खुराक, झोप, पुन्हा संध्याकाळची कुस्ती. ही दिनचर्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी तालमींनी अनुभवानं बसवली होती.

आणि खुराक! जोरदार मेहनत करणाऱ्या खेळाडूला दर किलो वजनामागं दिवसाला साधारण पावणेदोन ग्रॅम प्रथिनं लागतात असं धरलं, तर १२० किलोच्या पैलवानाला दोनशे ग्रॅमच्या आसपास हवीत. एक लिटर दुधात प्रथिनं असतात पस्तीसेक ग्रॅम. म्हणजे नुसत्या दुधावर भागवायचं तर रोज सहा लिटर. म्हणून मग दुधासोबत बदामाची थंडाई येते, अंडी येतात, मटण येतं, तूप येतं. आणि हे सगळं एका शेतकऱ्याच्या घरातून, वर्षानुवर्षं, दर महिन्याला तालमीत पोचवायचं. मोठा पैलवान दिसतो एकटा, पण त्याच्या खांद्यांमध्ये बापाची ऊसपट्टी, आईनं राखलेली म्हैस आणि भावानं सोडलेलं शिक्षण असतं. अकोले-संगमनेरचा भाग दुधाचा आहे. तिथल्या घरांना हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इतकं करून देह मोठा झाला, की निसर्ग एक विचित्र वसुली सुरू करतो. गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या ग्रंथात ती मांडली आहे. समजा एखादा माणूस सर्व बाजूंनी दुप्पट केला. उंची दुप्पट, रुंदी दुप्पट, जाडी दुप्पट. त्याचं वजन किती होईल? आठपट. पण स्नायूची ताकद आणि हाडाची सहनशक्ती त्यांच्या आडव्या छेदावर अवलंबून असते, आणि तो छेद वाढतो फक्त चौपट. म्हणजे आठपट ओझं, चौपट बळ. वजन उचलण्याच्या खेळात हे डोळ्यांनी दिसतं. सोल ऑलिंपिकमध्ये १९८८ साली ६० किलो गटातल्या नईम सुलेमानोग्लूनं १९० किलो डोक्यावर उचलले, स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेनं २०२१ मध्ये २६७ किलोंचा विश्वविक्रम केला. पण त्याचं स्वतःचं वजन पावणेदोनशे किलोंच्या आसपास, म्हणजे पट जेमतेम दीड.

म्हणून प्रचंड पैलवानाला संथ म्हणून नावं ठेवू नयेत. समोरच्याशी झुंजण्याआधी तो स्वतःच्या वजनाशी झुंजत असतो. शिवाय स्नायूंनी खर्च केलेल्या शक्तीतला बराच मोठा भाग उष्णतेत जातो, आणि आकार वाढेल तशी कातडी त्या मानानं कमी पडते, त्यामुळं ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही. दोन-तीन मिनिटांतच भारी मल्ल घामानं निथळतात, श्वास फुलतो. हलक्या वजनाचा पोरगा दहा वेळा पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय ओढायला जाईल. भारी मल्लाला तसं परवडत नाही. तो वाट पाहतो, मनगट धरतो, मानेवर वजन टाकतो, समोरच्याला दमवतो आणि एकच क्षण शोधतो.

तो क्षण म्हणजे काय, हे समजण्यासाठी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधली एक लढत सांगतो. अमेरिकेचा ख्रिस टेलर, वजन १८० किलोंच्या वर. समोर जर्मनीचा विल्फ्रिड डिट्रिच, ३८ वर्षांचा, टेलरपेक्षा साठेक किलोंनी हलका. फ्रीस्टाइलमध्ये टेलरनं डिट्रिचला हरवलं होतं. पण ग्रीको-रोमन प्रकारात दोघं पुन्हा समोर आले, जिथं कमरेखाली हात लावायचा नसतो. डिट्रिचनं टेलरला छातीशी कवटाळलं, स्वतः मागं झुकला, धनुष्यासारखी कमान केली, आणि तो अजस्र देह त्याच्या डोक्यावरून पलीकडं जाऊन पाठीवर पडला. चितपट! क्रीडा छायाचित्रणाच्या इतिहासातलं ते एक अजरामर चित्र आहे.

हे ताकदीच्या जोरावर शक्यच नव्हतं. उभ्या माणसाचं सारं वजन एका बिंदूत एकवटलेलं आहे असं धरता येतं; नाभीच्या जरा खाली. हा बिंदू जोवर दोन पावलांमधल्या जागेच्या वर आहे, तोवर माणूस उभा. तो त्या जागेच्या बाहेर सरकला, की पृथ्वीच त्याला पाडते. पैलवानानं फक्त दिशा द्यायची. टेलर पुढं रेटत होता. डिट्रिचनं त्याला अडवलं नाही, त्याच्या रेट्यातच स्वतःला मिसळलं, आणि आपला देह टेलरच्या वजनाखाली टेकू म्हणून घातला. आपल्या मातीतले डाव याच तत्त्वावर उभे आहेत. धोबीपछाडमध्ये समोरच्याचा हात खेचून त्याला आपल्या पाठीवरून घालतात. कलाजंगात त्याच्याखाली शिरून त्याला खांद्यांवर घेतात. बाहेरच्या टांगेत वरचा देह एकीकडं ढकलतात आणि त्याच क्षणी ज्या पावलावर तो तोल सावरणार ते पाऊल अडवतात. पट काढणं तर याहून सरळ. उभं राहायची जागाच काढून घ्यायची.

टेलर त्या ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलचं कांस्य घेऊन गेला, पुढं व्यावसायिक कुस्तीत उतरला आणि १९७९ मध्ये, अवघ्या २९ व्या वर्षी वारला. १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय संघटनेनं सर्वांत जड गटाला १३० किलोंची मर्यादा घातली, पुढं ती १२० झाली आणि २०१४ पासून १२५ आहे. महाराष्ट्र केसरीचा १२५ चा आकडा तिथूनच जुळतो.

फेकलेल्या पैलवानाचं पुढं काय होतं? सव्वा मीटर उंचीवरून पडणारा देह अर्ध्या सेकंदात खाली येतो, आणि टेकताना त्याचा वेग ताशी अठरा किलोमीटरच्या घरात असतो. तो वेग किती अंतरात शून्यावर येतो, यावर दणका ठरतो. कडक जमिनीवर एक सेंटिमीटरात थांबला आणि भुसभुशीत मातीत पाच सेंटिमीटरांत थांबला, तर मातीतला दणका पाचव्या हिश्श्यावर येतो. कुस्तीआधी हौदा खणून, चाळून, ढेकळं फोडून माती मोकळी करतात ती यासाठी. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालतात. माती ओलसर राहते, अंगाला बोचत नाही. आणि लढताना पैलवान मूठभर माती समोरच्याच्या पाठीवर टाकतो तेव्हा नवख्याला तो अपमान वाटतो. खरं तर घामानं निसटणारी पकड तो घट्ट करत असतो.

पैलवान ओळखायची खूण म्हणजे त्याचे कान. घर्षणानं आणि दाबानं कानाच्या कूर्चेवरचं आवरण सुटतं, मध्ये रक्त साकळतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती त्या आवरणावरच जगते. आवरण सुटलं की ती मरते आणि जागी कडक, गुठळीदार ऊती भरते. हा कान पुन्हा सरळ होत नाही. एसटीत, बाजारात, लग्नात मोडलेल्या कानाचा माणूस दिसला, की समजावं, यानं हजारो वेळा कोणाची तरी मान आपल्या कानाशी घासून घेतली आहे.

अहिल्यानगरनं २०२५ साली एक अपूर्व गोष्ट पाहिली. दोन महिन्यांच्या अंतरात, दोन वेगळ्या संघटनांनी भरवलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धा याच जिल्ह्यात झाल्या. शहरातल्या वाडिया पार्कवर २ फेब्रुवारीला पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला. मार्चअखेरीस कर्जतला सोलापूरचा वेताळ शेळके. वाडिया पार्कवर गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत शिवराज राक्षेचे दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले की नाही, यावरून वाद पेटला, तो पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेला. शिवराज आणि अंतिम लढत अर्ध्यात सोडणारा महेंद्र गायकवाड, दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. वर्षभराची मेहनत त्या एका क्षणावर येऊन थांबते आणि तो क्षण डोळ्याची पापणी लवण्याइतका असतो. पंचाच्या अंगावर जाण्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण त्या क्षणाला किती ओझं असतं, हेही विसरू नये. याच वाडिया पार्कवर २०१४ मध्ये विजय चौधरीनं आपल्या सलग तीन गदांपैकी पहिली जिंकली होती. पुढं राज्य सरकारनं त्याला पोलीस उपअधीक्षक केलं.

तितकं नशीब फार थोड्यांचं. बाकीच्यांचा व्यवसाय चालतो तो गावोगावच्या हगाम्यांवर. अहिल्यानगरकडे जत्रेतल्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. चैत्र-वैशाखात सुगी उरकली की देवाची यात्रा, छबिना, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हगामा. आधी रेवड्यांसाठी भिडणारी पोरं, मग शंभर-दोनशेच्या जोडी, मग हजारांच्या, आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती. महाराष्ट्रातला बहुतेक प्रत्येक केसरी अशाच रेवड्यांवरून वर आलेला असतो.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. आपलं सगळं प्रेम त्या शेवटच्या, सर्वांत जड जोडीवर जातं. भारताला व्यक्तिगत खेळातलं स्वातंत्र्यानंतरचं पहिलं ऑलिंपिक पदक १९५२ मध्ये हेलसिंकीत मिळवून दिलं ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी, आणि ते लढले ५७ किलो गटात. ज्या गणितानं महाकाय मल्ल आपल्याला थक्क करतात, तेच गणित हलक्या मल्लांच्या बाजूनं आहे. दर किलोमागं त्यांच्याइतकं बळ कुठल्याच केसरीत नसतं.

येत्या यात्रेत तुमच्या गावाजवळ हगामा असेल, तर दुपारीच जा, पहिल्या रेवड्यांपासून बसा. भारी जोड लागली की हातांकडे बघू नका, पावलांकडे बघा. कुस्ती आधी तिथं सुटते. आणि खिशात हात घालाल तेव्हा पडलेल्या पोरालाही काही द्या. त्याच्या खुराकाचा खर्च जिंकलेल्याइतकाच असतो.